कवेलू वाजवून बघणारा

१९९२ साल, माझं वय एक्कावन्न. मिल बंद पडली होती आणि मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे इंदूरला आली होती. नेमकं बाळ-बाळंतिणीच्या खाटेवरच छप्पर गळायला लागलं. वानरांनी छपरावरचे मातीचे कवेलू फोडले होते. शेजारी मदतीला आले, तर मी म्हणालो, "माझं घर माझं मी बघीन." चप्पल घालून वर चढलो आणि माझ्याच पायांनी आणखी कवेलू फुटले.

पावसामुळे एक सायकलवाला आमच्या वळचणीला थांबला होता. ओळख ना पाळख. तो ओरडला, "भिया, नीचे आ जाओ, छत पे रहम करो!" मग तो अनवाणी चढला. न्हाणीवरचे कवेलू काढून एकेक कानाशी धरायचा, बोटानं वाजवायचा आणि खणखणीत वाजला तरच खाटेवरच्या छपराला लावायचा. खाट कोरडी झाली, बाळ झोपलं.

मी म्हणालो, "मला कुणाचे उपकार नकोत."

"तो मत लो एहसान," तो पाय पुसत म्हणाला, "मेरा घर भी टपकता है. कल तुम आ जाना."

पत्ता घेतला, नाव विचारायचं मात्र कायमचं राहिलंच. पण पाऊस लागला की अजून त्याच्यासाठी हात जुळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी खांद्यावर टाकून मी महू नाक्यामागं त्याच्या घरी गेलो. वर बघतो तर पक्का स्लॅब! तो दारात चहा घेऊन हसत उभा. मी चप्पल काढली, शिडी लावली आणि त्याची अख्खी गच्ची झाडून दिली.