समुद्राचं शिळं पाणी

खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी एकच प्रश्न विचारला, "मासे खाता का?"

मी म्हटलं, "पुण्यात नाही."

हे अगदी खरं होतं. पुण्यात येऊन मला चारच तास झाले होते.

काकू म्हणजे नारायण पेठेतल्या माझ्या घरमालकीण. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि चोविशीतल्या भाडेकरणीलाही अहो-जाहो करणाऱ्या. उगीच सलगी नको म्हणून. नियम एकच. भाडेकरणीने घरात मांसमच्छी आणली, तर त्याच दिवशी खोली रिकामी. हिंजवडीत नव्या कंपन्या धडाधड उघडत होत्या आणि आमच्यासारख्या पोरींना गावात खोली मिळायची मारामार होती. इथे कंपनीची बस कोपऱ्यावर थांबायची आणि संध्याकाळी गरम वरणभात मिळायचा. ही खोली मला काहीही करून टिकवायची होती.

आणि तरी मी तो उद्योग केलाच. मालवणला आमच्या मागच्या दारातून समुद्र दिसतो. पुण्यात दीड वर्ष काढल्यावर मला त्याची इतकी आठवण यायला लागली, की एका पगारवाढीत मी खाऱ्या पाण्याची टाकी घेतली. अडीच फूट काच, तळाला वाळू, भोकाभोकांचे समुद्री दगड आणि खास मीठ कालवलेलं पाणी. काकूंनी टाकीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "जिवंत मासे चालतील. मेलेलं काही चालणार नाही."

पंचाईत अशी, की अशी टाकी मेलेल्यापासूनच सुरू होते. मासे सोडण्याआधी पाण्यात काहीतरी कुजवावं लागतं. त्यातून अमोनिया सुटतो, आणि तो विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू हळूहळू दगडांवर वाढतात. ते वाढण्याआधी मासा सोडला की मेलाच. दुकानदार म्हणाला होता, "एक कच्ची कोळंबी टाका आणि दीड महिना गप्प बसा." यातलं गप्प बसणं मला जास्त अवघड वाटलं.

सोललेली कोळंबी लॅपटॉपच्या बॅगेतून आली. "आज फार दमले हो," असं म्हणत मी ती काकूंच्या समोरून आत नेली आणि जुन्या पायमोज्याच्या तुकड्यात बांधून मागच्या दगडाआड दडवली. रोज संध्याकाळी नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर अमोनियाचा आकडा लिहायचा. काकू दारातून बघत. कुणी भेटायला आलं तर त्यांना मुद्दाम माझ्या खोलीत आणून म्हणत, "मासे नाहीत. पाणी मात्र मनसोक्त बघून घ्या."

आठवड्याभरात वास सुटला. काकूंनी जाहीर केलं, "माळ्यावर उंदीर मेलाय." मीही लगेच बॅटरी घेऊन माळ्यावर चढले. सलग दोन रविवार मी तो उंदीर शोधला. ट्रंका हलवल्या, शिंकले, एकदा तर "सापडला वाटतं!" असंही ओरडले. काकू खाली शिडी धरून उभ्या होत्या. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मजा येत होती.

माझं एका गोष्टीकडे मात्र साफ दुर्लक्ष झालं. रोज सकाळी नळाला पाणी आलं, की काकू कालचं सगळं पाणी ओतून टाकत. हंडा, कळशी, पिंप, काही सुटत नसे. कालचं पाणी ते शिळं. आणि माझ्या खोलीत अठरा दिवसांचं पाणी भरून होतं.

एकोणिसाव्या दिवशी ऑफिसातून आले तर टाकी लखलखत होती. काच घासलेली, वाळू निवडल्यासारखी स्वच्छ, आणि आत क्लोरीनचा वास मारणारं ताजं नळाचं पाणी. दगड काथ्याने घासून गॅलरीत उन्हात वाळत घातले होते. जिवाणूंचं गाव जागच्या जागी संपलं होतं.

"पार शिळं झालं होतं हो," काकू म्हणाल्या. "बादल्या भरभरून काढलं. कंबर धरली माझी."

मला तिथेच रडू आलं. आणि रडता रडता एकदम आठवलं. पायमोज्याचा तुकडा कुठे गेला? विचारणार तरी कसं? विचारलं तर खोली गेली. काकूंनी नेहमीसारखा वरणभात वाढला आणि वर तूपही वाढलं. मी रात्री माळ्यावरची बॅग खाली काढून ठेवली. तीन दिवस मी रोज संध्याकाळी घाबरत जिना चढत होते, आणि त्या रोज फक्त भात वाढत होत्या.

चौथ्या दिवशी त्या कॅलेंडरसमोर उभ्या होत्या. "आकडे बंद झाले तुमचे. चढत चालले होते, मग एकदम काहीच नाही. माझ्यामुळे ना?"

मी जिवाणूंचं सगळं सांगितलं.

"मग परत सुरू करायला काय लागतं?"

"काहीतरी... सेंद्रिय लागतं," मी म्हणाले.

"हं," काकू म्हणाल्या आणि पोळ्या करायला गेल्या.

पुढच्या रविवारी मी नवं खारं पाणी भरत होते. काकू बाहेरून आल्या त्या पदराने नाक धरूनच. त्यांनी स्टीलचा छोटा डबा टाकीशेजारी ठेवला. मी झाकण उघडलं. आत एक कोळंबी होती. टपोरी, मिशांसकट.

"तुमची सोललेली होती. ती मी गुलाबाच्या कुंडीत पुरली," काकू म्हणाल्या. "मासळीवालीने ही सालासकट दिली. एकच हवी म्हटल्यावर नखशिखांत बघितलं मला तिने. चालेल ना ही?"

मी डबा हातात धरूनच म्हटलं, "काकू, तुमचा नियम..."

"नियम भाडेकरणीने आणण्याबद्दल आहे. ही मी आणलीय." त्या हात धुवायला वळल्या. "बॅग माळ्यावर टाका परत, मला पायात येते. आणि तो डबा आता स्वयंपाकघरात आणू नका. तुमच्याकडेच ठेवा."

तो डबा अजून माझ्याकडे आहे.