लाल दोरा

टेलर मास्तरांनी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांची मापं घेतली, पण स्वतःच्या पायाच्या तळव्यावरच्या जखमेचं माप द्यायची वेळ आली तेव्हा लबाडी केली. मधुमेहामुळे जखम भरत नव्हती. दर सोमवारी तिच्याशेजारी टेप धरून फोटो काढायचा आणि दवाखान्यातल्या सिस्टरला मोबाईलवर पाठवायचा, असं ठरलं होतं. "मशीन मारायचं नाही. चिघळली तर पाऊल जाईल," सिस्टरने बजावलं होतं. मास्तर हो म्हणाले आणि फोन ठेवून मशीनवरच जाऊन बसले.

जखम चिघळली. बोलणी बसतील म्हणून त्यांनी तीन सोमवार पहिलाच फोटो पाठवला. सिस्टर "शाब्बास काका" म्हणायची, तेव्हा ते फोन उलटा ठेवून देत.

चौथ्या सोमवारी तिने व्हिडिओ कॉल केला.

"काका, प्रत्येक फोटोत टाचेला तोच लाल दोरा चिकटलाय. महिनाभर पाय धुतला नाहीत, की फोटो एकच आहे?"

मागून बायको म्हणाली, "सांगा की, कापड आटलं म्हणून! गिऱ्हाइकाला सांगता तसं."

मास्तरांनी पट्टी सोडली, पाय कॅमेऱ्यासमोर धरला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"टेप लावा, काका," सिस्टर हळूच म्हणाली.

पहिल्या फोटोत जखम पाऊण इंचाची होती. "दीड," टेप बघून मास्तर पुटपुटले. दुकानातल्या सवयीने बायकोने माप लिहायला पेन उचललं होतं. आकडा ऐकून तिने ते खाली ठेवलं आणि त्यांची चप्पल शोधायला उठली.