मध्यंतरानंतरचे नाना

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरच्या घरी टीव्हीवर कुठलासा जुना सिनेमा बघत होते आणि पडद्यावर नुकतीच 'मध्यंतर' अशी पाटी आली होती. फोन मामेभावाचा होता. "मंगलताई, नाना गेले," एवढंच म्हणाला. मी टीव्ही बंद केला. पुढचा सिनेमा नानांनी असाही मला बघू दिला नसता...

नाना म्हणजे माझे मामा. कोल्हारला उसाची बागायत, चार लोकांत मान, आणि रसिक माणूस म्हणून पंचक्रोशीत नाव. त्यांच्या दशक्रियेचे फ्लेक्स स्टँडपासून प्रवरेच्या घाटापर्यंत लागले होते. नानांच्या फोटोशेजारी वीणा, वर 'रसिकाग्रणी' हा शब्द, आणि खाली श्रद्धांजली वाहणाऱ्या मंडळींचे गॉगल लावलेले फोटो. ज्यांना मोबाईलच्या रिंगटोनपलीकडे गाणं माहीत नाही, त्यांनी ही पदवी दिली होती. पण त्यांना तरी काय दोष द्यायचा? नानांची रसिकता ज्या प्रकारची होती, तिला हेच भाट शोभत होते.

ती रसिकता काय होती ते सांगते. नाना प्रत्येक सिनेमा मध्यंतरात सोडायचे. मी लहानपणी सुट्टीत कोल्हारला जायची, तेव्हा ते मामीला आणि मला एसटीने श्रीरामपूरला दुपारच्या खेळाला न्यायचे. दिवे लागले की उठून धोतराचा सोगा सावरायचे, आजूबाजूच्या लोकांकडे कीव आल्यासारखं बघायचे आणि मोठ्यांदा म्हणायचे, "चला. पुढं काय हुनार ते मला दिसतंय." मग आम्ही दोघी त्यांच्यामागून बाहेर. शेंगदाण्याची पुडी अर्धी, सिनेमा अर्धा. पुढची गोष्ट ते परतीच्या बसमध्ये सांगायचे, आणि वाईट गोष्ट अशी की फार चांगली सांगायचे. पुढच्या बाकावरची माणसं मान वळवून ऐकायची. एकदा तर कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला होता. माझ्या मनावर कायमचे कोरले गेलेले सिनेमे कुठले, असं कुणी विचारलं तर मी आजही जे सांगेन ते सिनेमे कुणी कधी काढलेलेच नाहीत. ते नानांच्या तोंडून निघाले होते.

त्यातला एक मात्र वेगळा काढून सांगायला हवा. मामीचा आवाज मोठा होता, खडा, विहिरीत घागर सोडल्यावर यावा तसा भरीव. बायकांच्या भजनात ती चाल उचलायची तेव्हा पेटीवाला सुद्धा हात आखडता घ्यायचा. कुणीतरी तिचं नाव नगरच्या रेडिओला कळवलं आणि तिला आवाजाच्या परीक्षेचं बोलावणं आलं. मामेभाऊ तेव्हा कडेवर होता. नाना हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. ते आम्हाला सिनेमाला घेऊन गेले. एका गाणाऱ्या बाईचा सिनेमा. मास्तराची बायको, शहरातून गाण्याचं बोलावणं येतं, नवरा तोंड फिरवतो, आणि ती ट्रंक घेऊन स्टँडवर उभी राहते... तिथं मध्यंतर.

बसमध्ये नानांनी पुढचं सांगितलं. बाई शहरात पोचते, इकडे पोराला ताप भरतो. ती स्टेजवर उभी असते आणि पोर तापात आई आई करत असतं. कुणीतरी निरोप आणतं. ती तशीच धावत गावी येते, पोर वाचतं, आणि ती तंबोरा माळ्यावर टाकून देते तो कायमचा. "आन मग ती फकस्त अंगाई म्हनती," नाना म्हणाले. मामी खिडकीला डोकं लावून ऐकत होती. मांडीवर झोपलेल्या पोराच्या कपाळाला तिने हात लावून बघितला, तो मला अजून दिसतो. परीक्षेला ती गेली नाही. कुणी जाऊ नको म्हणालं नव्हतं, त्यामुळे कुणावर रुसायचीही सोय नव्हती. पुढे हळूहळू भजनातही ती मागच्या रांगेत जाऊन बसायला लागली.

आता घाटावरची गोष्ट. पिंड ठेवून झाले होते, कावळा यायची वाट बघत सगळे बसले होते, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्या वेळात भाषणं सुरू झाली. कावळा जितका लांबतो तितके वक्ते वाढतात. सोसायटीचा कुणीतरी, कारखान्याचा कुणीतरी, मग दोन पक्षांचे दोघे. प्रत्येकाने नानांना देवमाणूस केलं आणि जाता जाता स्वतःलाही थोडं केलं. शेवटी नानांचे जिगरी दोस्त शंकरराव उठले. डोळे पुसत त्यांनी माईक धरला.

"नाना म्हंजी अस्सल रसिक," ते म्हणाले. "वहिनींना घिऊन अर्धा सिनेमा बघायचे. आन दुसऱ्या दिशी आमी दोघं पुन्हा श्रीरामपूरला! घरी सांगायचं, कारखान्यावर उसाची नोंद करायला चाललोय. डोअरकीपर वळखीचा. मध्यंतर झालं की आत सोडायचा. फकस्त शेवट बघायला जायचो हो आमी! एक सिनेमा सोडला न्हाई. त्या गानारनीच्या सिनेमाला तर नाना शेवटाला लहान पोरावानी रडले..."

लोक हळहळले. काहींनी माना डोलावल्या. कर्ण्यातून शंकररावांचा हुंदका नदीपलीकडे गेला. त्या भल्या माणसाला आपण काय बोललो याचा पत्ता नव्हता. त्याच्या हिशेबी ते कौतुक होतं.

मामी बायकांमध्ये माझ्या शेजारी बसली होती. ती रडायची थांबली. पदर डोक्यावरून सरकला तो तिने सारखा केला नाही. जरा वेळाने कावळा शिवला, सगळे "नाना सुटले" म्हणत उठले, आणि ती तशीच बसून राहिली.

मला नानांचा राग येतो असं म्हणणं कमी पडेल. एखादा दांडगा नवरा "जायचं न्हाई" म्हणून ओरडतो, त्याच्याशी निदान भांडता येतं. यांनी शेवट बघितला, त्यावर रडले, आणि घरी येऊन एका पोराच्या तापाची थाप तशीच राहू दिली. असल्या रसिकतेची मला किळस येते. कला ज्याला रडवते त्याच्याकडून माणुसकीची अपेक्षा धरू नये, एवढं मी नानांकडून शिकले. भाच्याकडून नव्हे तर भाचीकडून आलेली ही श्रद्धांजली त्यांच्या फ्लेक्सवाल्या भक्तांना आवडणार नाही. न आवडो.

महिन्याभराने मी मामीला भेटायला गेले. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "मंगल, त्यो सिनेमा तुझ्या मोबाईलवर घावतो का बघ." घावला. ओसरीवर नानांची वेताची खुर्ची आहे. ते गेल्यापासून तिच्यात कुणी बसत नव्हतं, सूनबाई ती नुसती पुसून ठेवायची. मामी सरळ जाऊन त्या खुर्चीत बसली. मी तिच्या पायाशी बसून मोबाईल धरला. पूर्वार्ध तिला बघायचाच नव्हता. स्टँडपासून पुढचा लावला. बाई शहरात गेली, गायली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या प्रसंगात नवरा पोराला घेऊन पुढच्या रांगेत येऊन बसला होता, आणि पोर त्याच्या खांद्यावर झोपी गेलं होतं. सिनेमा खरं तर सुमारच. बसमधली नानांची गोष्ट त्याहून कितीतरी सरस होती, हे कबूल करताना मला अजून चीड येते.

"पोराला ताप आलाच न्हाई गं," मामी म्हणाली.

तेवढ्यात सूनबाईने चहा आणला. मामीने खुर्चीच्या दोन्ही हातांवर आपले हात नीट पसरले आणि मला म्हणाली, "त्या रेडिओवाल्यांना इचारशील का, म्हाताऱ्या बायांचा आवाज घेत्यात का म्हनून?"

"विचारते की मामी. उद्याच विचारते. तू येशील ना नगरला?"

"छॅ! मला न्हाई जायचं," ती म्हणाली. "तू निस्तं त्यांच्याकडनं बोलावनं आन. ह्या बारीला 'न्हाई' मी म्हननार हाय."