हत्ती हाकणारा, तीन अक्षरी

आडवेउभे काकांची एक गंमत होती. उत्तर येत असलं की ते विचारायचे आणि येत नसलं की गप्प बसायचे. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला इतकी वर्षं लागली, की तोवर विचारणारंच कोणी उरलं नाही.

नवं राज्य झालं तेव्हा आमचं अर्धं ऑफिस भोपाळहून उचलून रायपूरला आणून टाकलं. त्या सामानात मीही होतो. राजधानी झालेल्या गावात घर मिळेना. शेवटी तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीत काकांनी वरची खोली दिली. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, मूळचे वर्धेकडचे. काकू जाऊन बराच काळ झालेला, मुलगा पुण्याला. खरं आडनाव फक्त पोस्टमनला ठाऊक. खोली दाखवताना भाड्याच्या आधी त्यांनी विचारलं, "शब्दकोडं येते का तुम्हाले?"

"शाळेत मराठीत पहिला होतो," मी ऐटीत सांगितलं.

"भोपाळात किती पोट्टे होते मराठीले?"

"दोघं."

"मंग जमन," ते म्हणाले.

नागपूरचा मराठी पेपर गाडीनं दुपारी यायचा. चारच्या सुमारास काका ओट्यावर पेन्सिल घेऊन बसत. खोडरबर घरात नव्हता. "रबर असला का माणूस विचार नाही करत." आणि मग रस्त्यानं जाईल त्याला पकडणं सुरू. डोक्यावर टोपली घेतलेल्या भाजीवालीला ते हाक मारत, "ए दीदी, हाथी चलाने वाले को क्या बोलते हैं? तीन अक्षर का."

"महावत, बबा."

"ये तो चार हो गया. एक कम कर."

ती हसत टोपली खाली ठेवायची. सायकलरिक्षावाला थांबायचा. अक्षर कमी करता करता कोणाच्या तरी गावात शिरलेला हत्ती निघायचा, त्यानं तुडवलेलं धान निघायचं, पळताना चिखलात पडलेला मामा निघायचा. चहा व्हायचा. उन्हं उतरली की काका सावकाश 'माहूत' लिहायचे, जणू रिक्षावाल्यानंच सुचवलं.

हे सगळं मी ऑफिसातून उशिरा यायचो तेव्हा. वेळेवर आलो, की जिन्यावरूनच ओरडायचो, "माहूत!" टोपली डोक्यावरून उतरायच्या आत पुढे निघायची. काका वर बघायचे. "तुमची गाडी सुटून राहिली काय हो?"

मला वाटायचं, म्हातारा जळतोय.

खरं अडलं की मात्र कोणाला विचारणं नाही. एक उभा शब्द चुकला की सगळे आडवे रुसतात; मग काका ओसरीत फेऱ्या घालत, भात गार होई. उद्याच्या अंकात उत्तरं यायची, पण ती बघायची नाहीत. "छापून आलेलं उत्तर आपलं नसते." एकदा तर ते मोरीतून साबणासकट बाहेर आले. "सापडला!" टॉवेलची आठवण करून द्यायला मलाच खाली पळावं लागलं. त्या दिवशी त्यांनी शेजाऱ्यांनाही जिलेबी वाटली.

माझ्या हुशारीचा कळस पुढेच आहे. त्यांना ताप आला होता. म्हटलं, म्हाताऱ्याला कशाला ताण? अंक ऑफिसातच मागवून मी अख्खं कोडं शाईच्या पेननं सोडवलं आणि लवकर सुटून चार वाजता तो त्यांच्या हातात दिला. काकांनी चष्मा लावला, काढला.

"झालंच का सगळं?"

"सगळं!"

"मंग आता करायचं काय?" ते इतकंच म्हणाले आणि संध्याकाळभर नोकरीच्या जाहिराती वाचत पडले. माझी उत्तरं निम्मी चुकली होती ते वेगळंच. उठताना मला म्हणाले, "तुमची काकू होती तवा दिवे लागेपर्यंत कोडं चालायचं. तिले एक बी शब्द येत नव्हता." मी मोठ्यानं हसलो. मला तो विनोद वाटला.

पुढे मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. पुण्यात पेपर पहाटे दारात पडतो आणि सगळी माणसं कामावर जातात, असं त्यांनी फोनवर कळवलं. मग अधूनमधून फोन यायचे. मी कामात आहे का याची आधी चाचपणी, मग प्रश्न. मी ताडकन उत्तर द्यायचो. आमचं ऑफिस तोवर गावाबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत गेलं होतं; त्या सकाळी तिकडची बस कोपऱ्यावर हॉर्न देत होती.

"आडवा शब्द आहे," काका म्हणाले. "हत्ती हाकणारा. तीन अक्षरी."

"माहूत! लिहून टाका काका, बस सुटतेय. ठेवू?"

तिकडून इथल्या बोलीतला होकार आला, "हव."

नंतर फोन आला तो मुलाचा. बाबा गेले, झोपेतच. मी बसमध्ये होतो. पाचपेडी नाक्यापाशी एकदम डोक्यात आलं, की 'माहूत' तर काकांना केव्हाचं येत होतं; मग विचारलं कशाला?

आता मी रिटायर झालो, खालची जागा माझ्याकडे आली. चार वाजता पेन्सिल घेऊन मी ओट्यावर बसतो. भाजीवाली आता स्कूटीवर येते, थांबत नाही. वरच्या खोलीत एक कंप्युटरवाला राहतो, नागपूरकडच्याच घरातला, मराठी समजतं, उत्तर हिंदीत देतो. परवा तो जिना चढत होता. मी हाक मारली, "भैया, हत्ती हाकणारा. तीन अक्षरी."

त्यानं पायरीवरच मोबाईल काढला, अंगठा फिरवला. "माहूत, अंकल. और कुछ?"

मी म्हटलं, "हव."