दोन्ही हातांत काच

बँकेची दर्शनी काच मी फोडली, हे आधीच कबूल केलेलं बरं. स्कूटर लावताना ब्रेक म्हणून मी जे पिळलं, ते ब्रेक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी काच बसवायला काचकाका आले. म्हणजे पुढच्या सगळ्या रामायणाचा कर्ता मीच.

काचकाका म्हणजे साठीला टेकलेला काटकुळा माणूस. तळहातावर जुन्या जखमांच्या इतक्या रेघा, की एखाद्या ज्योतिष्यानं हात टेकावेत. माणसाची पारख ते एकाच गोष्टीवरून करतात: हा काचेचं दुसरं टोक नीट धरेल का. त्यांचा मेहुणा या परीक्षेत गेली अठरा वर्षं नापास होतो आहे. पण बायकोचा भाऊ, सांगता कोणाला?

त्या दिवशी सात फुटी काचेची खालची कड चौकटीत बसली होती, वरच्या पट्ट्या ठोकायच्या राहिल्या होत्या. काका आणि हाताखालचा मेहुणा आतून काच पेलून उभे होते. तेवढ्यात तोंडाला रुमाल बांधलेला एक जण आत शिरला आणि त्यानं छतात गोळी झाडली.

"खाली झोपा सगळे. हात डोक्यावर."

मेहुणा झोपला. एरवी दहादा सांगावं लागतं, हे मात्र त्यानं पहिल्या हाकेला केलं.

"ए म्हाताऱ्या, तुला वेगळं आमंत्रण देऊ?"

"हात सोडले तर काच येते," काका म्हणाले.

त्याला वाद घालायला वेळ नव्हता. कोणीतरी घंटा दाबली होती आणि पोलीस दारात हजर होते. त्यानं पैशांसाठी आणलेली पिशवी टाकली, कॅशियर मुलीला ओढत आणलं आणि बाहेरून दिसेल अशी नेमकी काचेच्या पायथ्याशी बसवलं. मग दार किलकिलं करून गोळ्या झाडल्या. एका शिपायाच्या दंडाला गोळी चाटून गेली. उलट आलेल्या गोळीनं भिंतीवरचं घड्याळ फुटलं.

"हात वर करून बाहेर या," भोंग्यातून साहेब गरजले.

"आज ज्याला त्याला माझेच हात वर हवेत," काका पुटपुटले.

वीस मिनिटं गेली. काकांचे दंड थरथरायला लागले. काच चौकटीवर टकटक वाजू लागली, तशी मुलीनं मान वर केली.

"वर बघू नकोस, पोरी," काका म्हणाले. मग दरोडेखोराला म्हणाले, "बाबा, ते टोक धर. माझ्यानं होत नाही आता."

"मला वेड्यात काढतोस?"

"मग मेहुण्याला उठू दे."

"कोणी उठायचं नाही."

"मग काच पडून ही पोर जाईल. ही गेली की बाहेरचे तुला जिवंत ठेवतील का?"

हे मात्र त्याला पटलं. त्यानं डावा हात काचेला लावला.

"एका हातानं काच धरतात का? कोणी शिकवलं तुला?"

धंद्यातल्या चाळीस वर्षांचा वैताग होता तो. दरोडेखोरानं निमूटपणे पिस्तूल कमरेला खोचलं आणि दोन्ही तळवे लावले.

"पोरी, सरक आता."

"ए, ती कुठे चालली?"

"तू काचेकडे बघ."

मुलगी रांगत दारापर्यंत गेली, बाहेर पडली आणि पोलीस आत घुसले. "हात वर!"

"काच अंगावर येईल, साहेब," दरोडेखोर म्हणाला.

एकानं त्याच्या कमरेचं पिस्तूल काढून घेतलं. काकांनी खिशातून खिळे काढले आणि साहेबांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं. तीन बंदुकांच्या साक्षीनं पट्ट्या ठोकून झाल्या, मग बेड्या पडल्या. तोवर काका जमिनीवरच्या मेहुण्याला म्हणाले, "बघून घे. अशी धरतात."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'वृद्धाची चाणाक्ष खेळी' असा मथळा होता. ते घेऊन मी त्यांच्या दुकानात गेलो. ते आरशाची काच कापत होते.

"काका, काय डाव टाकलात हो. त्या मुलीला वाचवलंत."

त्यांनी मान वर केली नाही.

"डाव कसला? हात भरून आले होते."