खालचा काळा पट्टा

हवामानाच्या ऑफिसात सगळे तिला काचवाली मावशी म्हणायचे. काम एकच, पण डोळ्यात तेल घालून करायचं. गच्चीवरच्या खोलीत लायडर नावाचं यंत्र होतं. छतात परातीएवढी काच बसवलेली, तिच्यातून ते आभाळात उजेडाचा बाण सोडायचं. वर धूळ असली की उजेड तिच्यावर आपटून माघारी यायचा, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून धूळ किती उंच ते कळायचं. काच मळली की यंत्र आंधळं. म्हणून मावशी रोज शिडी चढायची, आधी पाण्याची धार सोडायची, मग मऊ ओलं फडकं. कोरडं फिरवलं तर धुळीच्या कणांनी काचेवर ओरखडे उठतात. ती म्हणायची, "पोराला न्हाऊ घालताना मी एवढी जपले नाही!"

घरी नवरा खाटेवर. उभा जन्म खडी मशीनवर गेलेला. डोंगर फोडून खडी करणारं ते धूड ऑफिसमागच्या त्यांच्या वस्तीच्या डोक्यावरच होतं. डॉक्टर म्हणाले, दगडाची पूड फुप्फुसात बसली, आता निघायची नाही. दोन शब्द बोलला की धाप लागायची. म्हणून बोलणं कमी, टोमणे तेवढे निवडून.

आता मुकादमाने मुलाला बोलावलं, बापाच्याच जागेवर. मुलगा अंगाने दांडगा, कामावाचून घरी बसलेला. मावशीने खाटेकडे बोट दाखवलं.

"अरे, बापाकडे बघ जरा."

"बाबांच्या वेळी धूळ होती, आई. आता पाणी मारतात तिथे."

"मारतात... तपासणी असली की," खाटेवरून आवाज आला आणि मागोमाग खोकला.

मुलगा वैतागला. "मग दाखव ना! तुझं यंत्र एवढं धूळ बघतं म्हणतेस. आपल्या वस्तीवर दिसली तर नाही जाणार. शब्द देतो."

मावशी हरखली. यंत्र सांभाळणाऱ्या मॅडमच्या कानावर तिने सगळं घातलं आणि दुसऱ्याच दुपारी मुलाला घेऊन गेली.

मॅडम मोठ्या हौशी. पडद्यावरचं चित्र दाखवत म्हणाल्या, "हा लाल पट्टा बघ. डोंगराच्याही कितीतरी वर आहे. वाळवंटातली माती, समुद्र ओलांडून आलीय. पाण्याचे थेंब गोल असतात, मातीचे कण वेडेवाकडे. त्यांच्यावरून परतलेला उजेड वेगळा ओळखू येतो."

"आणि आमची वस्ती?"

"ती याच आभाळाखाली, अगदी तळाशी. इथे."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, त्या बाहेर गेल्या. मुलाने तळाला बोट लावलं. तिथे सबंध रुंदीभर काळा पट्टा होता.

"एक ठिपका नाही, आई. बघ."

मावशीने डोळे बारीक करून पाहिलं. खरंच नव्हता.

मॅडम परत आल्या, त्याचा चेहरा बघून घाईघाईने म्हणाल्या, "अरे, ते काळं म्हणजे स्वच्छ नव्हे! उजेड एकीकडून सुटतो, परतलेला धरते शेजारची दुर्बीण. जमिनीजवळ उजेडाची वाट आणि दुर्बिणीची नजर यांची गाठच पडत नाही. तेवढी हवा यंत्राला दिसतच नाही."

मुलगा हसायला लागला. "समुद्रापलीकडची माती दिसते, आणि नाकासमोरची दिसत नाही होय? आईने चांगलं पढवलंय तुम्हाला!"

मॅडमनी पुन्हा समजावलं. तो "बरं बरं" म्हणत जिना उतरला. मावशी फडकं घेऊन मागे धावली. "हे तरी बघ! रोज एवढी निघते काचेवरून."

"ती वाळवंटातली असेल. तुझ्या मॅडमच म्हणाल्या ना?"

आपणच त्याला हात धरून इथवर आणलं, एवढंच मावशीला कळलं.

आठवडा उलटायच्या आत तो कामाला लागला. पहिल्या संध्याकाळी दारात उभा राहिला तेव्हा केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरा. खाटेवरचा बाप कोपरावर टेकून अर्धा उठला.

"ये... जुळ्या भावा."

मावशीला सवयीने हसू आलं आणि अर्ध्यात विरलं. मुलगा खांद्यावरच्या टॉवेलने तोंड खसाखसा पुसायला लागला, तसा तिने त्याचा हात धरला.

"कोरडं नको. वाक."

तिने कपाळावरून पाण्याची धार सोडली, मग ओलं फडकं फिरवलं. मोरीतून करडं पाणी वाहिलं. फडकं गळ्यापाशी आलं आणि तो खोकला.

"पाणी गेलं नाकात," तो म्हणाला.

मावशीने तांब्या पुन्हा भरला.