चाळिसाव्या दिवसानंतरचा अर्ज

रहमान मुकादमनं भरलेला अर्ज परत येत नाही, हे दोहातल्या कोकणी मंडळीत लहान पोरालाही ठाऊक होतं. वेस्ट बेमधल्या एका बांधकाम कंपनीत तो मंदूब होता. मंदूब म्हणजे कंपनीचे कागद काखोटीला मारून सरकारी खात्यांचे उंबरे झिजवणारा माणूस. कामगारांचे व्हिसे, त्यांच्या मेडिकल तपासण्या, त्यांचे आयडी हेच त्यानं एकवीस वर्षं केलं, आणि त्यामुळे त्याचा असा समज झाला होता की जगातली सगळी दु:खं अर्ज अर्धवट भरल्यामुळे होतात.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की अल हिलालमधल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरी माणसं यायची. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. रहमान चष्मा लावायचा आणि आधी पोटभर बोलून घ्यायचा. "बापाचं पूर्ण नाव लिहायला सांगितलंय, तर लिवायचं. लाजायचं काय त्यात? बाप चोर होता काय तुझा?" मग मुकाट्यानं सगळा अर्ज नव्यानं भरून द्यायचा. पैसे घ्यायचा नाही. कुणी चार बांगडे आणून दिले तर ते मात्र घ्यायचा, कारण बांगड्याला नाही म्हणणं हर्णैच्या माणसाला जमत नाही.

त्याची बायको अनीसा ओल्ड एअरपोर्टजवळच्या एका दवाखान्यात नर्सच्या हाताखाली काम करायची. रुग्णांना उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं. हात हलका आणि तोंड बंद, म्हणून सगळ्यांची लाडकी. दोघांना एकच मुलगी, माहनूर. इंग्रजी शाळेत जाणारी. आईबाप मराठीत विचारत आणि ती इंग्रजीत उत्तर देई, आणि यात काही चमत्कारिक आहे असं त्या घरात कुणालाच वाटत नसे.

आता यात इंग्लंड कुठून आलं, ते सांगायला हवं. इंग्रजांनी युरोपातल्या देशांशी असलेला जुना संसार मोडला आणि ते वेगळे निघाले. का निघाले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण त्यामुळे झालं असं की पोलंड, रुमानियाकडच्या ज्या बाया तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायच्या, त्यांचं येणं आटलं. म्हातारे तर होते तिथेच होते. त्यांना आंघोळ घालायला माणूस मिळेना. मग सरकारनं ते दार आपल्यासारख्यांना उघडलं. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, दुसरं काय! केरळच्या नर्सा गेल्या, आफ्रिकेतून माणसं गेली, आणि हळूहळू रत्नागिरीच्या, रायगडच्या बायाही दोहातून परस्पर तिकडे निघाल्या. नवऱ्याला, पोरांना बरोबर नेता येत होतं, ही त्यातली खरी गोडी होती.

कतारमध्ये माणूस कितीही वर्षं राहिला तरी नोकरी संपली की बिऱ्हाड उचलायचं असतं. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, येतानाच ते माहीत असतं. पण तिकडे पाच वर्षं काढली की कायमचं राहता येतं, मुलगी तिथेच कॉलेजात जाऊ शकते, असं अनीसानं ऐकलं आणि तिच्या मनानं घेतलं. इंग्रजीची परीक्षा तिनं दुसऱ्या खेपेला काढली. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात, म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात तिला काम मिळालं.

एवढं होतंय तोच २०२४च्या एक फेब्रुवारीला हर्णैला रहमानची आई गेली. तो गावी गेला, माती दिली, दहा दिवसांनी परत आला. येताना आईची जपमाळ आणि सुकटीची पुडी घेऊन आला.

१९ फेब्रुवारीला अनीसाच्या नव्या मालकाचा कागद आला. स्पॉन्सरचं सर्टिफिकेट. त्याच सुमारास बातमी पक्की झाली की इंग्लंडात लोक ओरडायला लागलेत, फार माणसं आली म्हणून, आणि सरकारनं ठरवलंय की ११ मार्चपासून ह्या कामावर येणाऱ्यांना कुटुंब आणता येणार नाही.

"अहो, आजच टाकूया अर्ज," अनीसा म्हणाली.

"आईचं चाळिसावं होऊ दे," रहमान म्हणाला. "ते झाल्याबिगर आपल्या घरात नवीन काय सुरू करायचं नाय."

"पण तारीख?"

"तारीख कागदावर हाय ना गो! एकोणीस फेब्रुवारी. अकरा मार्चच्या आधीची. स्पॉन्सरचा कागद आधीचा असला की झालं. मना शिकवू नको."

त्याला दोष तरी काय द्यायचा? एकवीस वर्षं त्यानं आखातातला एकच न्याय पाहिला होता: कफीलचा, म्हणजे मालकाचा, कागद निघाला की माणूस सुटला. मालकानं हो म्हटलं की बाकीचं सरकार आपोआप मागून येतं. इंग्लंडात मालकाचा कागद म्हणजे नुसती परवानगी, आणि दिवस मोजायचा तो अर्ज टाकल्याचा, हे नियमात लिहिलेलं होतं. रहमाननं ते वाचलंही होतं. वाचलं आणि आपल्या सवयीप्रमाणे समजून घेतलं.

गंमत बघा, याच दिवसांत अल अझीझियातली त्याची मावसबहीण सबीहा आपली पिशवी घेऊन आली. तिलाही तेच काम मिळालं होतं. दुसऱ्याचं काम करायला सुतकाची आडकाठी नसते, म्हणून ५ मार्चला रहमाननं तिचा, तिच्या नवऱ्याचा, दोन मुलांचा अर्ज स्वतः बसून भरला आणि पाठवलाही. सबीहानं जाताना अनीसाला हळूच विचारलं, "भाईजाननी तुमचा टाकला?" अनीसा म्हणाली, "टाकतील." सासूला जाऊन महिना झालेला. नवऱ्याचा चेहरा उतरलेला. त्याला उलटून बोलायला तिची जीभ वळली नाही.

११ मार्चला चाळिसावा दिवस भरला. दोहात त्याच दिवशी पहिला रोजा होता. संध्याकाळी आईच्या नावानं फातिहा झाली, इफ्तारला बिर्याणी घालून वीसेक माणसं जेवली. दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला, रहमाननं वजू करून, बिस्मिल्ला म्हणून तिघांचा अर्ज पाठवला. एकही रकाना चुकला नव्हता.

एप्रिलमध्ये उत्तर आलं. अनीसाला व्हिसा मिळाला. रहमान आणि माहनूर, दोघांना नाकारलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! रहमाननं ते पत्र इतक्या वेळा वाचलं की त्याला तोंडपाठ झालं. चूक दोन दिवसांची होती, आणि त्या दोन दिवसांना अपील नव्हतं.

जायचं की नाही यावर आठवडाभर घरात बोलणं झालं. शेवटी अनीसाच म्हणाली, "पाच वर्षांचा तर सवाल हाय. पाच वर्षांनी मी पक्की झाले की पोरीला बोलावता येईल. ती तेव्हा चौदाची असेल." रहमाननं तिचं तिकीट काढलं. मे महिन्यात तो तिला विमानतळावर सोडून आला आणि येताना माहनूरला आइस्क्रीम घेऊन दिलं. तिनं ते खाल्लंही. मुलं खातात.

मग वीस महिने फोनवर गेले. रहमान भात शिकला, डाळ शिकला, वेणी घालायला शिकला. वेणी जरा वाकडीच व्हायची. अनीसा फोनवर कामाच्या गोष्टी सांगायची. निवासात एक नव्वदीची म्हातारी होती, तिचा अनीसावर भारी जीव. "म्हातारी काय म्हणते ठाऊक हाय? म्हणते, बाहेर पडायला मीच मत दिलं. परकी माणसं कमी व्हावीत म्हणून. मग माझी पोलंडची पोरगी गेली, ती फार चांगली होती. आता तू हायस. तू जाऊ नको." हे सांगताना अनीसा हसली आणि मग फोन जरा बाजूला धरला.

सबीहाचे फोटो यायचे. मुलं युनिफॉर्ममध्ये, नवरा बर्फ उपसतोय. रहमान प्रत्येक फोटोखाली "माशाल्ला" लिहायचा. तो मनापासूनच लिहायचा, पण लिहून झालं की फोन उपडा ठेवायचा.

गेल्या वर्षी तिकडे आणखी आवळलं. बाहेरच्या देशांतून ह्या कामाला नवीन माणसं घेणंच बंद झालं, आणि पक्कं व्हायला पाच नाही, दहा वर्षं लागतील अशी भाषा सुरू झाली. कुणी पंधराही म्हणत होतं. रहमाननं हिशेब बोटांवर केला. दहा वर्षांनी माहनूर एकोणीस-वीसची. मुलं अठराच्या आतली असली तरच आईच्या नावावर जातात. म्हणजे आपण ज्या गाडीची वाट बघत बसलोय ती ह्या स्टेशनावर थांबणारच नाही, हे त्याला कळलं. त्यानं अनीसाला ते सांगितलं नाही. अनीसालाही ते कळलं होतं, तिनंही त्याला सांगितलं नाही.

आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीनं त्याला पत्र दिलं. मोठी कामं संपली होती. कागद घेऊन खात्यात जायचे दिवसही संपले होते, सगळं आता मोबाईलवर घरबसल्या होत होतं. मार्चअखेर त्याची नोकरी संपणार होती. नोकरी गेली की आयडी गेला, आणि त्याच्या आयडीवर माहनूरचा. सत्तेचाळिसाव्या वर्षी मंदूब कोण ठेवतो? तरी त्यानं ओळखीच्या सगळ्या कंपन्यांत विचारून पाहिलं. सगळे चहा पाजत आणि "इन्शाल्ला" म्हणत. इतक्या वर्षांत ह्या इन्शाल्लाचे दोन अर्थ त्याला पुरते कळले होते, आणि हा दुसरा, नकाराचा होता.

डिसेंबरमध्ये अनीसाला पहिली लांब सुट्टी मिळाली. तिचा कतारचा आयडी केव्हाच रद्द झालेला. तेव्हा रहमाननं बायकोसाठी फॅमिली व्हिजिटचा अर्ज भरला. नातं: पत्नी. मुक्काम: तीस दिवस. ज्या घराची चूल तिनं अकरा वर्षं सांभाळली, तिथे ती पाहुणी म्हणून येणार होती. तो अर्ज भरताना रहमान रडला. एवढे अर्ज भरले आयुष्यात, पण रडला तो ह्याच एकावर.

नोकरी संपल्याच्या पत्राचं तो तिला तोंडोतोंड सांगणार होता. पण ती आली आणि घरात पुन्हा खोबऱ्याच्या वाटणाचा वास सुटला, आणि आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन आठवडे निघून गेले. माहनूर अम्मीशी फार नीट वागत होती. तेच अनीसाला खुपत होतं. सकाळी ती दारात उभी राहून विचारी, "अम्मी, डू यू नीड अ टॉवेल?" केस विंचरू का म्हटलं तर म्हणे, "इट्स ओके, आय कॅन डू इट." हट्ट नाही, रुसवा नाही. घरी आलेल्या बाईशी चांगली मुलगी जशी वागते तशी ती वागत होती.

रविवारचं विमान होतं. शुक्रवारी दुपारी तिघं जेवायला बसली. हमूर माशाचं कालवण होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. अनीसानं पहिला घास घेतला आणि खाली ठेवला.

"मी परत जात नाय," ती म्हणाली. "दहा वर्षं म्हणतात आता. मंग हिला ते माझ्याबरोबर धरणार नायत. मी कुणासाठी तिकडे लोकांच्या आयांना आंघोळी घालू? माझी पोरगी मना टॉवेल पायजे काय विचारतेय. तिकीट रद्द करा. आणि माझा इकडचा अर्ज भरा, तुमच्या बायकोचा. दवाखान्यात मी विचारलंय, ते घेतायत परत."

हे वाक्य ऐकायला रहमान वीस महिने जगला होता. गाडी चालवताना, भांडी घासताना त्यानं ते तिच्या आवाजात कितीदा तरी ऐकलं होतं, आणि दर वेळी त्याचं उत्तर एकच होतं: ये. आता तो उठला, हात धुतले, कपाटातून पत्र काढलं आणि तिच्या ताटाजवळ ठेवलं.

"मार्चअखेर खलास," तो म्हणाला. "माझ्या नावावर तुझा अर्ज आता होत नाय. मी नि पोरगी हर्णैला जाणार. दवाखान्याच्या पगारात ह्या गावात तिघांचं भागायचं नाय. तू नको येऊ, अनीसा. तुझी एकच नोकरी उरलीय आपल्याला."

तिनं पत्र दोनदा वाचलं. "कधी आलं?"

"नोव्हेंबरात."

तिनं पत्राची घडी घातली आणि ते ताटाजवळ ठेवलं. मग अनीसा म्हणाली, आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "तेव्हा चाळिसाव्याला थांबला नसतात तर."

वीस महिन्यांत तिनं हे एकदाही म्हटलं नव्हतं. रहमाननं मान हलवली. "व्हय," तो म्हणाला. आपण आईसाठी थांबलो होतो, हे खरं होतं, पण माहनूरसमोर ते आता तोंडातून काढवेना.

माहनूर सगळं मराठी समजत होती. तिनं भाकरीचा उरलेला तुकडा संपवला, ताट उचललं, मोरीत ठेवलं आणि आतल्या खोलीत गेली. पलंगाखालची अम्मीची मोठी बॅग तिला उचलेना, म्हणून ती फरशीवरून ओढत बाहेर घेऊन आली. तिनं चेन उघडली आणि आईकडे पाहिलं.

"आय विल हेल्प यू पॅक, अम्मी," ती म्हणाली.